तीन महिन्यांचा नियम

म्हातारा मोठा खवट होता. औषधांच्या गोदामात पस्तीस वर्षं स्टोअरकीपर होता, आणि निवृत्त झाल्यावर तिथला नियम त्याने घरी आणला: एक्सपायरीच्या तारखेला तीन महिने उरले की माल मेला, काढून टाका. दर महिन्याच्या एक तारखेला चष्मा लावून तो बाथरूमचं कपाट उपसायचा. पाठीमागे सगळे त्याला तारीखमास्तर म्हणत. सून नवी होती तेव्हा तिच्या आईने दिलेलं क्रीम त्याने चारचौघांत कचऱ्यात फेकलं होतं. वर म्हणाला, "माहेरी शिळंच फासतात वाटतं तोंडाला?" पाहुणे खो खो हसले. सुनेने ते अकरा वर्षं गिळून ठेवलं. त्याला बापड्याला आठवतसुद्धा नव्हतं.

पण या महिन्यात त्याला उभंच राहवेना. मागची एक तारीख हॉस्पिटलमध्येच गेली होती, घरी येऊन पंधरा दिवस झाले होते, आणि रिपोर्टात काय आलं ते कोणी धड सांगत नव्हतं. मुलाला विचारलं की तो म्हणे, "सगळं ठीक आहे बाबा, आराम करा," आणि मोबाइल कानाला लावून सटकायचा. म्हाताऱ्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता. आपल्या हातात किती दिवस आहेत, एवढंच त्याला हवं होतं, आणि नेमकं तेच सांगताना घरादाराची दातखीळ बसत होती.

एक तारखेला तो खुर्चीत बसला आणि कपाटापुढे सून.

"पोरांचं खोकल्याचं औषध. दोन महिने उरलेत."

"टाक!"

"भाजल्यावरचं मलम. अडीच."

"टाक म्हणतो ना! आणि नवं लिही यादीत."

तिने मुकाट्याने टाकलं, लिहिलं. मग त्याची पाठदुखीची ट्यूब उचलली, तारीख बघितली आणि परत जागेवर ठेवली.

"ती किती?"

"दोन."

"मग टाक की! डोळे फुटले का तुझे?"

"राहू दे बाबा. पुरेल."

त्याचं केसांचं तेल निघालं. दीड महिना. "पुरेल." परवाच आणलेली त्याची गोळ्यांची पट्टी निघाली. ती त्याने तिच्या हातातून हिसकावून घेतली. तारीख पुढच्या महिन्याअखेरची!

"दुकानदाराने गळ्यात मारलं तुझ्या, बावळट!"

"नाही हो. त्याने आधीच सांगितलं होतं, तारीख जवळची आहे म्हणून. मीच म्हटलं, चालेल."

म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. पस्तीस वर्षं माल मोजलेला माणूस तो, त्याला आणखी काय सांगायला हवं होतं?

"सूनबाई," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा गयावया करत म्हणाला, "बघ ना जरा. दोन महिन्यांच्या पुढची तारीख असलेलं माझं काही आहे का गं तिथे?"

दुसरी एखादी खोटं बोलली असती. हिला मनातून बरं वाटत होतं, आणि का वाटू नये? तिने अजिबात घाई केली नाही. एकेक बाटली उजेडात धरून वाचली. वरचा कप्पा झाला, मग खालचा झाला.

"टूथब्रश आहे," ती म्हणाली. "पण त्यावर तारीख नसते."