प्राचीच्या मेंदूतला मी

मित्रांनो, वयानं मी तुमच्या खापरपणजोबांहूनही जुना, आणि रूपानं म्हणाल तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मी एक जनुक आहे. मासा असो, उंदीर असो की माणूस, सगळ्यांच्या मेंदूत आमच्या घराण्याचं काम चालतं. शास्त्रज्ञांनी मला इंग्रजी अक्षरांचं एक नाव दिलं आहे. ते घेताना डॉक्टरांचीही जीभ अडखळते, म्हणून ते राहू द्या.

मी म्हणजे एका प्रथिनाची कृती. हे प्रथिन मज्जापेशीच्या पटलाला आतून चिकटून बसतं. बाहेरून निरोप आला की तो आत पोचवतं आणि लगेच गप्प होतं. गप्प होणं हे त्याचं निम्मं काम. पहूरजवळच्या एका केळीबागायतदाराच्या घरात प्राची नावाची मुलगी आहे, तिच्यात मी राहतो. तिच्या हाडांत, कातडीत, आतड्यांतही मी आहेच, पण तिथे मला कोणी विचारत नाही. कुलूपबंद खोलीतल्यासारखा पडून असतो. हाक येते ती मेंदूतून, आणि नेमका तिथेच मी नापास झालो.

आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा आमच्या दोन प्रती येतात. माझा जोडीदार ठणठणीत आहे. माझी नक्कल उतरताना मात्र एक अक्षर चुकलं. कोणाकडून येताना चुकलं ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. भांडणाला तेवढंच निमित्त व्हायचं. त्या अक्षरापायी माझं प्रथिन गप्प बसायला विसरतं. प्राची पाच वर्षांची झाली तरी बोलत नाही. तिचे हात आपोआप वळवळतात, बोटं आवळली की लवकर सुटत नाहीत, आणि अधूनमधून झटके येतात. झटका आला की घरात पळापळ होते, कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल नाकाशी धरतं. मग सगळे आपापल्या कामाला जातात आणि तिची आई कामिनी तेवढी तिच्याजवळ उरते.

प्राचीचे कान तेच माझे कान, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू येतं. कामिनीचं माहेर धुळ्याचं, देवपूरचं. "हे धुळ्याकडचंच रगत," असं आजी शेवंताबाई येताजाता म्हणायच्या. कामिनी ऐकून घ्यायची. तिला बोलायला त्या घरात प्राचीखेरीज कोणी नव्हतं, आणि प्राची उत्तर देत नव्हती. माझी तर गोष्टच सोडा. एका खोलीत आम्ही तिघं, आणि तिघंही एकटे.

अखेर जळगावच्या डॉक्टरांनी आई, बाप आणि लेक, तिघांचं रक्त तपासायला पाठवलं. श्रावणात निकाल आला. डॉक्टर म्हणाले, "हा बदल आईत नाही, वडिलांतही नाही. मुलीतच नव्यानं झालाय. यात कोणाचाच दोष नाही." कामिनीला रडू आवरेना. मला वाटलं, सुटली बिचारी.

कसलं काय! घरी खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाची तयारी चालली होती. त्या घरची रीत अशी, की प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू परातीत घालायचा, तो दळून त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायच्या आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. शेवंताबाई मुठी घालत होत्या. आजोबा जीवरामआबांची झाली, प्राचीच्या वडिलांची, नवीनची झाली, कामिनीची झाली, आणि त्यांचा हात थांबला.

"आईतबी नई, बापातबी नई, मंग ही पोर कोनाची?" त्या म्हणाल्या. "परक्याची मूठ कानबाईले चालत नई."

नवीन खाली मान घालून बसला. इतकी वर्षं बोल कामिनीच्या रक्ताला होता, आता अब्रूलाच लागला. पोर माझी आहे आणि तुमच्या मुलाचीही, हे सांगताना रागाच्या भरात तिच्या तोंडी माहेरची अहिराणी आली. "पोर मनी शे! आनि तुमना पोऱ्यानी बी शे!"

"अवं," आबा म्हणाले, "आपन केळीची टिश्यू कल्चरची रोपं लावतो. सगळी एकाच झाडाची. तरी बागात एखांदं वेगळं निंघतं का नई? मंग ते काय शेजाऱ्याच्या केळीचं असतं?"

"वेगळं निंघालं का उपटूनच फेकता ना तुमी?"

मित्रांनो, मला उपटता आलं तर बरं, असं मलाही कितीदा वाटलं आहे. पण मी प्राचीच्या कणाकणात आहे. मला उपटायचं तर तिलाच उपटावं लागेल.

कामिनी आणखी भांडली नाही. प्राचीला मांडीवर घेऊन ती गव्हाच्या डब्याशी बसली आणि लेकीचा हात तिनं गव्हात बुडवला. हात वळवळला, बोटं घट्ट आवळली. ती माझीच करणी. त्या बोटांनी प्राचीला साधा घासही कधी नीट धरता आला नव्हता, आज त्यांच्यात मूठभर गहू गच्च बसला. कामिनीनं तो हात परातीवर धरला, पण मूठ सुटेना. शेवंताबाईंनी तो बाजूला सारायला धरला आणि धरूनच ठेवला. नातीचा हात त्यांनी इतका वेळ कधी हातात घेतला नव्हता. दाणे तिच्या कोवळ्या तळव्यात रुतत होते.

"दुखतं का वं बाई?" त्यांनी विचारलं आणि अंगठ्यानं तिचं मनगट चोळू लागल्या.

बऱ्याच वेळानं मूठ सैल झाली. गहू परातीत पडला आणि बाकीच्या गव्हात मिसळून गेला.

"वरची पाव राह्यली," शेवंताबाई म्हणाल्या, आणि डब्यातून पाव मूठ गहू घेऊन प्राचीच्या नावानं त्यांनी तो परातीत घातला.

रोट खाऊन मी काही सुधारलो नाही. झटके अजून येतात. माझं चुकलेलं अक्षर आज तरी कोणाला दुरुस्त करता येत नाही, आणि माझ्याशी बोलायला आजही कोणी नाही. त्याची मला आता सवय झाली आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कोणाला झटका आला तर लांब पळू नका. मोठ्या माणसाला हाक मारा. तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि जवळ बसून राहा. डोळे उघडताना समोर कोणीच नसणं फार वाईट असतं हो. आई घरात नसताना ते मी प्राचीच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.