सार्जंट, सेन्योरा आणि निनिंगचं मत

माझ्या बायकोला, निनिंगला, दोन डोकेदुख्या आहेत आणि त्या दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. एकीला अंधार लागतो. दारं बंद, पडदे ओढलेले, परसात कोंबडंसुद्धा नको, कारण ते माती उकरतं त्याचा आवाज होतो. ती आली की निनिंग दोन-दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहते, मधेच उठून बादलीत ओकते, परत पडते. हिचं नाव तिने सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब, ठेवलंय.

दुसरीला ती सार्जंट म्हणते. सार्जंट वर्षातून एकदा येतो, कधी दोनदा, पण आला की सहा-सात आठवडे मुक्काम, आणि रोज ठरल्या वेळी हजेरी. उजव्या डोळ्यामागे कुणी गिरमिट फिरवल्यासारखं होतं म्हणते. डोळा लाल होतो, पापणी अर्धी खाली येते, त्याच बाजूची नाकपुडी वाहायला लागते. आणि सार्जंट आला की पडून राहता येत नाही. ती चालते. चुलीपासून माडापर्यंत, माडापासून चुलीपर्यंत, मधल्या खांबावर कपाळ आपटत. तासभर. मग तो जातो आणि ती चेहरा धुऊन बिंका भाजायला बसते. तांदळाच्या पिठात नारळाचं दूध घालून, खाली निखारे, वर निखारे. आमच्या काम्बायोत तिच्यासारखी बिंका कुणाला जमत नाही.

लग्नानंतर पहिली चार वर्षं मला हे दोन आजार आहेत हे कळलंच नाही. कुणालाच कळलं नाही. माझ्या आईने तिला डोंगरावरच्या वैदूकडे नेलं, त्याने धुरी दिली आणि धुरानेच सेन्योरा तीन दिवस राहिली. एका दंतवैद्याने दोन चांगल्या दाढा उपटल्या. आणि मी? मी एकदा म्हणालो, "परवा हलवत नव्हतं तुला, आज नाचतेयस. एकदा काय ते ठरव ना!" तिने भाताच्या पातेल्याचं झाकण फेकून मारलं. ते मला लागलं नाही. पण बोललो ते तिला लागलं, आणि ते वाक्य मला आजही परत गिळता येत नाही.

शेवटी दुमागेते शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तासभर ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे दोन वेगळे आजार आहेत. दोन्ही खरे आहेत. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात." निनिंग खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागली. मला वाटलं घाबरली. बाहेर आल्यावर म्हणाली, "घाबरू कशाला? मला वेड लागलेलं नाही, हे आज कागदावर आलं."

सेन्योरासाठी गोळ्या मिळाल्या. सार्जंटसाठी प्राणवायूचं सिलिंडर. तोंडावर मुखवटा लावून पंधरा-वीस मिनिटं जोराने ओढायचा, की बहुतेक वेळा तो माघार घेतो. सिलिंडर माझ्या ट्रायसिकलला, म्हणजे मोटरसायकलला, जोडलेल्या सायडकारमध्ये बांधायला मी लोखंडी पट्ट्या बसवून घेतल्या.

त्याच्या पुढच्या वर्षी ती गावच्या कौन्सिलसाठी उभी राहिली. विरोधकांनी चर्चजवळच्या भिंतीवर लिहिलं, "डोकं फिरलेलीला मत देऊ नका." निनिंग खडू घेऊन गेली आणि खाली लिहून आली, "फिरलेलं आहे, विकलेलं नाही." सात जागा होत्या. ती सातवी आली, अकरा मतांनी.

आता आमचा कॅप्टन, म्हणजे गावचा प्रमुख, अबुंदियो. सगळे त्याला काप म्हणतात. वाईट माणूस नाही. कुणाच्याही मयताला पहिला हजर. पण त्याच्या मेहुण्याला पिण्याचं पाणी भरून विकायचा कारखाना काढायचा होता, आणि त्यासाठी गावचा झरा हवा होता. फणसाखालचा तो झरा. सगळं काम्बायो पिण्याचं पाणी तिथूनच भरतं. ठराव असा, की पंचवीस वर्षांसाठी झरा मेहुण्याकडे. सात सभासदांत तिघं बाजूने, तिघं विरोधात आणि निनिंग विरोधात. आठवा, तरुणांचा प्रतिनिधी, सेबूला नोकरी लागल्यापासून गावात फिरकतच नव्हता. निनिंग गैरहजर राहिली तर तीन-तीन, आणि बरोबरी झाली की कापचं मत.

कौन्सिलची बैठक कायम सोमवारी सकाळी नऊला असायची. त्या मार्चमध्ये सार्जंट मुक्कामाला आला होता. रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. सगळ्या गल्लीला ठाऊक, कारण खांबाचा आवाज ऐकून शेजारीण भात लावायची. आणि कापने नोटीस लावली: पुढची बैठक दुपारी तीन वाजता.

निनिंगने डॉक्टरीणबाईंचं पत्र जोडून अर्ज दिला, की वेळ सकाळचीच ठेवा. काप बास्केटबॉलच्या मैदानावर पोरांचा सामना बघत होता. तिथेच त्याने अर्ज उघडला आणि सगळ्यांसमोर, मानांग म्हणजे ताई म्हणत, बोलला, "मानांग निनिंग, डोकं कुणाला नाही? माझं पण दुखतं, तुझे अर्ज वाचून."

लोक हसले. मीही तिथेच होतो. लोकांचं हसणं ओसरेपर्यंत निनिंग थांबली.

"दुखतं ना?" ती म्हणाली. "मग गोळी घे आणि सकाळी नऊला ये."

वेळ काही बदलली नाही.

त्या सोमवारी पहाटे मी उठलो तर ती आधीच बादलीजवळ बसलेली. सेन्योरा आली होती. तीन-दहाला सार्जंट येणार हे ठरलेलं. दोघं एकाच दिवशी यायची वेळ आजवर दोनदाच आली होती, आणि दुसऱ्या वेळी तिने मला पायाशी बसवून ठेवलं होतं, विहिरीकडे जायला लागले तर धर, म्हणून.

दुपारी मी म्हणालो, "नको जाऊस. एक झरा गेला तर गेला."

"रुफो, तू गाडी काढतोस की मी चालत जाऊ?"

"तुला उभं राहता येत नाहीये."

"उभं राहायला कुणी सांगितलंय? मत बसून देता येतं."

"आणि तीन-दहाला?"

"तीन-दहाला फिरत देईन. माझा काळा चष्मा कुठाय? आणि आइस्क्रीमचा रिकामा डबा घे, झाकणवाला."

मी गाडी इतकी हळू चालवली की बदकं आमच्या पुढे गेली. प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या दंडात नखं रुतवायची, पण थांब म्हणाली नाही.

सभागृहाला वर पत्रा, भिंतीला दोन नळकांडी दिवे, आणि कापच्या हातात ध्वनिक्षेपक, जरी खोलीत वीस माणसं असली तरी. एपांग, कापचीच नेमलेली चिटणीस, वही उघडून बसली होती. तिने हजेरी घेतली. निनिंगचं नाव आलं तेव्हा ती म्हणाली, "हजर," आणि डब्यात ओकली. डब्याचं झाकण लावलं, तोंड पुसलं.

कापच्या मेहुण्याने तोंड फिरवलं. मागून एक बाई पुटपुटली, "काय ही नाटकं!" मी वळून पाहिलं. कापची बायको होती. बैठकीत बोलायचा मला अधिकार नव्हता.

त्या दिवशी प्रार्थना कापने स्वतः म्हटली. एरवी त्याची प्रार्थना एका श्वासात उरकते. त्या दिवशी त्याने सगळे संत घेतले, पाऊस घेतला, मासे घेतले, परदेशात गेलेली गावची माणसं नावानिशी घेतली. मग मागच्या बैठकीचा वृत्तांत. "सावकाश वाच, एपांग. सगळ्यांना कळलं पाहिजे."

तीन वाजून नऊ मिनिटांनी निनिंगने चष्मा काढला. उजवा डोळा भरून आला होता. मी ढकलगाडीवरून आत आणलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पान्याने उघडला.

काप खुर्चीला रेलला, सिगारेट पेटवली आणि म्हणाला, "हे काय आत आणलंय? हे पेट घेतं. सभागृहाला धोका आहे. बाहेर ने."

निनिंग उठून उभी राहिली होती. एका हाताने भिंत धरलेली.

"सिगारेट विझव, काप," ती म्हणाली. "पेटलो तर तुझ्याच काडीने पेटू."

इथे मात्र हशा झाला, आणि तो तिच्या बाजूचा होता. नोंग तियागो, सर्वात म्हातारे सभासद, सत्तर वर्षांचे, उठून गेले, कापच्या बोटांतून सिगारेट काढून घेतली आणि दाराबाहेर जाऊन पायाखाली चिरडली. परत येऊन बसले.

मग सार्जंट पूर्ण आला. सिलिंडरची ढकलगाडी मी धरली होती, नळी तिच्या तोंडावरच्या मुखवट्याला, आणि ती चालत होती. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत, आणि तिच्यामागे मी चाकं ओढत. सेन्योरा पडून राहा म्हणत असणार, सार्जंट चाल म्हणत होता. तिच्या घशातून आवाज येत होता, तो मी घरात रोज ऐकतो, पण त्या वीस माणसांनी कधी ऐकला नव्हता. कुणी खुर्चीत नीट बसलेलं नव्हतं. एक सभासद, जो मेहुण्याच्या बाजूचा होता, तो आपल्या चपलांकडे बघत होता.

कापला वाटलं, हीच वेळ. "मतदान घेऊ या. जे आपल्या जागेवर आहेत त्यांनीच हात वर करायचा. खुर्चीत नाही त्याचं मत नाही."

मला तोंड उघडायचं होतं. पण बोलली एपांग. वहीतून डोकं वर न काढता ती म्हणाली, "काप, नियमात खुर्ची नाही. नियमात सभागृह आहे. त्या सभागृहात आहेत."

"तुला कुणी विचारलं?"

"वृत्तांतावर सही माझी असते, काप. खोटं लिहायला सांगितलंत तर तेही वृत्तांतात लिहीन."

तिला नोकरीची गरज होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाजूने तीन हात. विरोधात नोंग तियागो आणि आणखी दोघं. आणि मग निनिंग भिंतीजवळ वळली, मुखवटा डाव्या हाताने दाबून धरला आणि उजवा हात वर केला.

"हा हात कशासाठी आहे ते स्पष्ट नाही," काप म्हणाला. "तिला त्रास होतोय, डोकं ठिकाणावर नाही. अशा अवस्थेतलं मत..."

निनिंगने मुखवटा खाली ओढला. नाक वाहत होतं, पापणी खाली आलेली, ओठांना लाळ. मी तिला इतकी कुरूप कधी पाहिली नव्हती आणि इतकी ताठही.

"एपांग, लिही. नाही. झरा द्यायचा नाही." तिने श्वास घेतला. "आणि नशीब समज, काप. डोक्यात आम्ही तिघं आहोत, तरी मत एकच देतेय."

मुखवटा परत लावला आणि चालायला लागली.

एपांगने आकडे वाचले. तीन बाजूने, चार विरोधात. कापने ध्वनिक्षेपक बंद केला तेव्हा तो कर्कश वाजला आणि निनिंग दोन्ही कानांवर हात ठेवून खाली बसली. सार्जंट असताना तेवढीच एकदा बसली.

चारला दहा कमी असताना सार्जंट गेला. सेन्योरा बुधवारपर्यंत राहिली. ते दोन दिवस मी घराचे पडदे पिनांनी टाचून ठेवले. मंगळवारी दारात पाण्याची घागर आणून कुणीतरी ठेवली, झऱ्याची, गार. कोण ते कळलं नाही. बुधवारी कापच्या बायकोने बाजारात सांगितलं की ते सगळं आधी तालीम करून केलेलं होतं.

निनिंगला हे सांगितलं तेव्हा ती उठून बसली होती, कांजी पीत होती. "तिला म्हणावं, पुढची तालीम तिच्या घरी करते. खांब मजबूत आहे का विचार."

बैठका सकाळी नऊला ठेवाव्यात हा ठराव तिने एप्रिलमध्ये मांडला. कापने तो पुढे ढकलला. मेमध्ये परत मांडला, परत ढकलला. जूनमध्ये मंजूर झाला, कारण नोंग तियागो म्हणाले की तीन वाजता त्यांना झोप येते आणि हे कारण कापला पटलं. निनिंग घरी येऊन तासभर चिडचिड करत होती. "म्हाताऱ्याची झोप कारण, आणि माझा डोळा नाही!" पण ठराव झाला. एपांगची नोकरी टिकली. कापला दुसरं कुणी इतकं स्वच्छ लिहिणारं मिळालं नाही.

ऑक्टोबरमध्ये सार्जंट परत आला. या वेळी सकाळी साडेनऊला. मी डोक्याला हात लावला. निनिंग म्हणाली, "त्यात काय? सिलिंडर भरून आण."

त्याच महिन्यात शेजारच्या गावातला एक कोळी आमच्याकडे आला. चाळिशीचा, दांडगा, सोबत बायको. तो दारातच घुटमळत होता, टोपी हातात चुरगाळत. बायकोच बोलली, "मानांग, हा रोज होडीच्या बांबूवर डोकं आपटतो. अकरा वर्षं झाली, दर पावसाळ्याच्या शेवटी. पुरुषासारखा पुरुष, पोरांसमोर रडतो. आम्हाला वाटतं ढोंग करतो, कामाला जायचं नसतं."

निनिंग तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिने त्या माणसाला विचारलं, "दुखायला लागलं की पडून राहतोस की चालतोस?"

"चालतो," तो म्हणाला. "बसवतच नाही."

"डोळा कुठला?"

"डावा. पाणी येतं."

"वेळ?"

"रोज एकच. घड्याळ लावावं तशी."

निनिंगने निखाऱ्यांचा चिमटा खाली ठेवला, हात पुसले आणि मग त्या बायकोकडे वळली. "ढोंगी माणूस वेळ इतकी पाळत नाही, बाई. बस. बिंका खा." आणि मला ओरडून म्हणाली, "रुफो! दुमागेतेला जायचंय. गाडी काढ, आणि हळू चालव."