बाबांचा पूल

नदीवरचा पूल आमच्या बाबांचा होता. निदान त्यांचा तसा समज होता, आणि लहानपणी आम्हा भावंडांचाही. पूल बांधायला सरकारकडे पैसे कमी पडले, तेव्हा बाँड काढून ते लोकांकडून उसने घेतले. बाबा शिंपी. शिलाईतून साठवलेल्या पैशांतून त्यांनीही एक बाँड घेतला. तेव्हापासून कठड्यावर कुणी जाहिरात चिकटवली, की ते नखांनी खरवडून काढत. मी आणि ताई लाजेनं मागेच रेंगाळायचो.

शेअर दलालाच्या कचेरीत कामाला असलेला मामा त्यांची फिरकी घ्यायचा. "दाजी, शेअर घेतला असतात तर कंपनीत चिमूटभर का होईना, मालकी मिळाली असती. आता ती बुडाली तर पैसेही बुडतात, ते सोडा. पण बाँड म्हणजे नुसतं कर्ज. मुदत संपली की सरकार पैसे परत देणार, आणि तुमचा पुलाशी संबंध संपला."

"बघू," म्हणत बाबा मशीन चालू करायचे.

बाँडचा कागद जाड, हिरवट होता. खाली व्याजाची कुपनं छापलेली. दर सहामाहीला एक कापून बँकेत द्यायचं आणि व्याज घ्यायचं. पहिलं कुपन बाबांनी कापडाच्या कात्रीनं कापलं आणि हाताच्या सवयीनं शिवणीसाठी अर्धा इंच जास्त सोडला. शेजारच्या कुपनाचा अर्धा नंबर त्याच्याबरोबर आला.

बँकेतल्या कॅशियरनं कपाळाला हात लावला. "मास्तर, हे शिवायचं नाहीये हो." पुढच्या खेपेला त्यानं दोन्ही तुकडे जोडून घेतले, म्हणून निभावलं.

मुदत संपली तेव्हा ताईच्या कॉलेजची फी भरायची होती. तरी बाबा आज जातो, उद्या जातो करत राहिले. शेवटी आई म्हणाली, "आता त्याच्यावर व्याजही मिळत नाही. कागद कुरवाळून पोरगी शिकणार आहे का?"

बाबा निघाले, मीही सोबत गेलो. पुलावर ते कठड्यावरून हात फिरवत चालले. बँकेत कॅशियरनं कागद तपासून रद्दचा शिक्का उचलला.

"जरा थांबा," बाबा म्हणाले आणि खिशातून कात्री काढली. "वरची कोरी कड घेऊ का? शिवणीपुरती."

कॅशियरनं शिक्का खाली ठेवला. मग त्यानं कागद वळवून त्यांच्यापुढे सरकवला.

त्या दिवशी फी भरली. ती हिरवट पट्टी बाबांच्या टेपच्या डबीत राहिली आणि ते गेल्यावर माझ्याकडे आली. लहानपणी त्या कठड्यापाशी मी लाजून मागे रेंगाळायचो, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

परवा ताई आली होती. आता तिचेही केस पिकलेत. पुलावरून चालता चालता ती थांबली. कठड्यावर कुठल्याशा क्लासची जाहिरात होती. तिनं पर्स माझ्या हातात दिली आणि नखांनी कागद खरवडायला लागली.

मी पर्स खांद्याला अडकवली आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.