अख्खी भेंडी

"सुक्या कोळंबीचे सोडे वेगळे काढता यायचे नाहीत, बाई. कॉफीत विरघळलेली साखर काढता येते का कुणाला?" अनिसियामावशी मोठ्या पातेल्यापाशी उभी राहून म्हणाली.

"मग चवळीत?" दिविनाने विचारले.

"सोडे."

"ते काजू-शेंगदाण्याचं पिवळं दिसतंय त्यात?"

"सोडे. आणि भातात काय आहे म्हणून विचारशील, तर भातात मीठ आहे. चालतं ना मीठ? की त्यालाही आई असते?"

अंगणात भेंडी चिरत बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. त्यांच्यात दिविनाही हसली आणि तिने पुढची भेंडी उचलली. तिचा हात असा चालत होता की बघत राहावे.

ही बाई मी आणली होती. सल्वादोर शहरातल्या रिबेरात, खाडीला लागून माझे घर आहे आणि वरच्या खोलीत मी चार दुमजली पलंग टाकून प्रवाशांना ठेवते. येणारी सगळी विशी-बाविशीची पोरे. हॉटेल परवडत नाही आणि घरी बसवत नाही, अशी जात. त्यांच्यात ही बावन्न वर्षांची दिविना दारात उभी राहिली तेव्हा मला आधी पाठीवरची सॅकच दिसली. भाचीची सॅक, जवळजवळ हिच्याच उंचीची. देशाच्या पार मध्यातल्या गोयासहून बस बदलत बदलत आली होती. सॅक खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "ताई, समुद्र कुठल्या बाजूला?"

बोट दाखवले तशी चपला हातात घेऊन पळाली. परत आली ती गुडघ्यापर्यंत ओली. "खारट आहे हो खरंच," म्हणाली. "मला वाटायचं, लोक वाढवून सांगतात."

तिच्या मुलखात माणसांपेक्षा गुरे जास्त. भाऊ गुरे पाळतात आणि हिने पंधरा वर्षे मांसाच्या कारखान्यात पाकिटे बंद केली. एक दिवस कामावरून आली आणि मांस सोडले. मग दूध, अंडी, लोणी, मधसुद्धा. भाऊ म्हणाले, आता आमच्याबरोबर गोठ्यात चर. तेव्हापासून रविवारी सगळे घर टेबलाभोवती जेवते आणि दिविना आपला डबा घेऊन मागच्या पायरीवर. सणाला तीच पायरी आणि लग्नाला तीच. हे तिने मला रडत नाही, केळे सोलता सोलता सांगितले.

आमच्या सल्वादोरमध्ये येऊन तर तिला पंखच फुटले. चार दिवसांत शहर पायाखाली घातले. बस कशाला, पाय आहेत की. चवळीचे वडे सगळीकडे मिळतात हे कळल्यावर तिने गल्लीगल्लीतल्या वडेवाल्या गाठल्या. "आत काही भरू नका, नुसती मिरची आणि टोमॅटो," असे सांगून उभ्याउभ्या खायची आणि रात्री मला कुणाचा वडा कुरकुरीत ते ऐकवायची. पैसे कमी, पोट भरलेले आणि पायाला फोड. इतके आनंदी माणूस माझ्या घरात बऱ्याच दिवसांत उतरले नव्हते.

त्यातच सत्तावीस सप्टेंबर आला, कॉस्मे आणि दामियाँव या जुळ्या संतांचा दिवस. आमच्या गल्लीतल्या अनिसियामावशीच्या घरी कारुरू असतो, म्हणजे ढीगभर भेंडीची भाजी आणि तिच्यासोबत दहा पदार्थ. तिची जुळी पोरे तान्हेपणी तापाने गेल्यात जमा होती, तेव्हा तिने नवस बोलला होता. पोरे जगली. आधी सात मुलांना वाढायचे आणि मग दारात येईल त्याला. त्या दिवशी तिच्या दारातून कुणी उपाशी जायचे नाही, हा नवस. मी दिविनाला म्हटले, चल, फुकटचे जेवण आहे. सोड्यांचे माझ्या डोक्यातच आले नाही.

"मग मी नुसती चिरते," दिविना मावशीला म्हणाली. "जेवायचं माझं मी बघेन. सवय आहे मला."

दुपारी मुले घमेल्याभोवती बसली आणि गाणी सुरू झाली. सगळी गल्ली आत शिरली. मावशीने अंगणभर नजर फिरवली. "ती गोयासची कुठं गेली?"

दिविना बाहेर पायरीवर बसली होती. पाव आणि केळे. टाळ्या ऐकत पायाने ताल धरला होता, आणि तोंडावर हसू.

मावशी दारात गेली. ऐंशीला टेकलेली बाई, पण आवाज असा की खाडीपलीकडे जावा. "ऊठ. आजच्या दिवशी माझ्या पायरीवर कुणी डबा खात नाही. माझा नवस मोडायला आलीस का तू?"

"मावशी, पण सोडे..."

"मला शिकवू नकोस. सकाळीच काढून ठेवलंय. एवढंसं पातेलं, सोडे घालायच्या आधीचं. संतांना सांगू नकोस."

तिने दिविनाला माझ्याशेजारी बाकावर बसवले आणि स्वतःच्या हाताने वाढले. दिविना दोन घास जेवली आणि तिसऱ्याला थांबली. तिच्या काट्याला अख्खी भेंडी लागली होती.

माझ्या पलीकडे बसलेला वाल्दो, आमचा होडीवाला, लगेच तिच्या कानाशी लागला. "गीळ. पटकन गीळ. ज्याला अख्खी भेंडी सापडते त्याला पुढच्या वर्षी कारुरू घालावा लागतो. मी आजवर तीनदा गिळलीय, काही होत नाही."

त्या छोट्या पातेल्यातली भेंडी दिविनाने स्वतः चिरली होती, मटाराएवढी बारीक. अख्खी भेंडी आपल्या पायांनी चालत आली नसणार. मी मावशीकडे बघितले, तर ती पंख्याने वारा घेत भिंतीकडे बघत होती. नवसाने वाचलेली तिची जुळी आता साओ पाउलोला असतात. संत न मानणाऱ्या नव्या चर्चमध्ये जातात. त्यांना संतांचा घास चालत नाही. मावशीनंतर पातेले कोण चढवणार, हे आम्ही गल्लीत कुणी बोलत नसू, नुसतेच भेंडी गिळत असू.

दिविना उभी राहिली आणि देठाला धरून भेंडी वर केली. "पुढच्या वर्षी माझा," ती मोठ्याने म्हणाली.

लोक हसले. सॅकवाले लोक असले बरेच काही बोलून जातात. मावशी मात्र हसली नाही. "सोड्यांशिवाय?"

"माझ्या हातानं सोडे पडायचे नाहीत, मावशी. पण कुणी उपाशी जाणार नाही."

मावशीने पंखा बाजूला ठेवला. "पोरं नाहीतरी सोडे थुंकतातच," ती म्हणाली.

पुढच्या सप्टेंबरात मी कपडे वाळत घालत होते तेव्हा गल्लीच्या तोंडाशी ती सॅक दिसली. कपडे तसेच टाकून मी धावले. वाल्दोसुद्धा होडी सोडून आला.

वर्षभरात मावशी निम्मी झाली होती. घर विकले होते आणि सोमवारी मुलगा तिला साओ पाउलोला न्यायला येणार होता. त्या दिवशी पहिल्यांदाच ती स्वतःच्या अंगणात पाहुण्यासारखी खुर्चीत बसली. पातेले दिविनाने चढवले. सोड्यांच्या जागी तिने काजू खरपूस भाजून घातले. गल्लीने नाके मुरडली आणि सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. मुलांनी घमेले चाटूनपुसून ठेवले. दिविना सगळ्यांना वाढत धावत होती, घामाने डबडबलेली. मला वाटते, आयुष्यात पहिल्यांदाच तिला पायरी आठवत नव्हती.

मावशीच्या ताटात अख्खी भेंडी निघाली.

दिविनाचा चेहरा उतरला. तिने रीतीप्रमाणे एकच टाकली होती आणि ती कुणाला गेली ते तिलाही माहीत नव्हते.

"मावशी," वाल्दो हळूच म्हणाला, "गिळा."

"तुझ्यासारखी चोर नाही मी." मावशीने देठ धरून भेंडी वर केली, सगळ्यांना दिसेल अशी. "पुढच्या वर्षी माझा."

कुणी हसले नाही. तिने भेंडी कागदी रुमालाने पुसली, त्यातच गुंडाळली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवली. मग ताट दिविनापुढे केले.

"वाढ आणखी. मीठ जरा कमी पडलंय."