भुंगेऱ्याचं धड भिंतीवर

मोठे साहेब, तुम्ही माझा भुंगेरा कोंडून ठेवला आहे. तोही कागदाचा.

मी कुलपं दुरुस्त करतो आणि किड्यांची जुनी चित्रं जमवतो, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. बायकोच्या मते खरा किडा माझ्या डोक्यात आहे. असो. त्यातला शिंगवाला भुंगेरा एवढा दांडगा, की मूळ पुस्तकात तो समोरासमोरच्या दोन पानांवर छापला होता. कुण्या दळभद्र्या दुकानदाराने पानं सुटी करून विकली. माझ्या वाट्याला मागचा अर्धा आला. तो मी सोफ्यासमोर टांगला. तेव्हापासून सासूबाई राहायला आल्या की त्याच्याकडे पाठ करून बसतात. आल्यागेल्याला कुणी असं ढुंगण दाखवतं का, म्हणतात. डोकं आणून दाखवतो, असा मी त्यांना शब्द दिला होता.

आणि डोकं सापडलं. परगावच्या विक्रेत्याने पार्सल केलं, वर ठळक अक्षरांत लिहिलं: भुंगेऱ्याचं डोकं, जुनं, सांभाळून.

तुमच्या पार्सल कचेरीत तपासणीच्या खिडकीवरच्या बाईंनी ते वाचून नाकाला रुमाल लावला. बाकीचं कुठे आहे, म्हणाल्या.

"धड घरी आहे. भिंतीवर टांगलंय," मी खरं तेच सांगितलं.

बाईंनी तपासनीसांना बोलावलं. अहो, चित्र आहे, उघडून बघा, मी घसा फोडून सांगत होतो. पण किड्याचं खोकं हातमोज्यांशिवाय उघडता येत नाही, आणि हातमोजे संपलेत. कागदाचा आहे म्हणता, तर धड आणून दाखवा, असं त्यांचं म्हणणं. मी शहाणा घरी गेलो, भिंतीवरून फ्रेम उतरवली, नेऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी काचेवर टिचकी मारली, फ्रेम खोक्याशेजारी कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं.

"अर्धा किडा अडकवलाय," ते म्हणाले, "उरलेला मोकळा कसा सोडू?"

ते कुलूप मी डोळे मिटून उघडीन, साहेब. पण बायकोने बजावलंय, तुरुंगात डबा आणणार नाही.

चौकशीला गेलं की एकच उत्तर: निरीक्षण चालू आहे, अजून हालचाल नाही.

इकडे भिंतीवर नुसता खिळा राहिला. सासूबाई सोफ्यावर ऐसपैस ठाण मांडून बसल्यात. जावईबापू, आता कसं घर घरासारखं वाटतं, म्हणतात. परत जायचं नाव नाही.

तिकडे भुंगेरा हलत नाही, इकडे सासूबाई. मला एवढंच लेखी कळवा: हातमोजे कधी येणार?