डुक्करछाप रुपया

मनोहररावांच्या लाकडी पेटीत पंचम जॉर्जचे रुपये सालवार मांडलेले होते. फक्त १९११ ची खाच रिकामी होती. हिंगण्याच्या कारखान्यात पाळी करायची, कंपनीच्या बसनं घरी यायचं आणि त्या रिकाम्या खाचेकडे बघत चहा प्यायचा, असा त्यांचा क्रम. बायको म्हणायची, एवढं टक लावून माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

१९११ चा रुपया म्हणजे डुक्करछाप. राजाच्या झग्यावर हत्ती कोरलेला, पण सोंड एवढी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारनं रुपया मागे घेतला, बराचसा आटवला. तेव्हापासून नाणी जमवणाऱ्यांना त्याचं वेड. जो तो म्हणे, फार दुर्मिळ. दुर्मिळ वस्तू एवढ्या लोकांनी पाहिली कशी, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मनोहररावांना तर मुळीच नव्हती.

त्यांची थोरली बहीण सिंधूताई भिवापूरला राहायची. आई गेली तेव्हा मनोहर जेमतेम चालायला लागलेला. त्याला मामानं नागपूरला नेलं आणि आईची रुपयांची माळ ताईच्या गळ्यात आली. एका उन्हाळ्यात मनोहरराव तिच्याकडे गेले, तर ती ओसरीत मिरच्यांचे देठ खुडत बसलेली. ती वाकली तशी माळ पुढे लोंबली, आणि त्यांना हवं ते साल दिसलं.

तेवढा एक रुपया दे, त्यांनी मागितला. मित्रांना दाखवतो आणि पोळ्याला हाच परत आणतो, असा शब्दही दिला. ताईनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हात धुतले, दोरा सोडला आणि रुपया त्यांच्या तळहातावर ठेवला. काहून म्हणून विचारलं नाही. भोळी आहे बिचारी, असं मनोहररावांना वाटलं.

नागपूरच्या इतवारी पेठेत भैय्याजींचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. रुपया हातात घेताच त्यांनी तोंड वाकडं केलं. ओवायला कडी डाग देऊन बसवलेली, मागची बाजू झिजलेली. असल्या रुपयाला चांदीचाच भाव. मग त्यांनी फडक्यातून दुसरा डुक्करछाप काढला, टाकसाळीतून आत्ताच आल्यासारखा. हा जुना आणि वर महिन्याचा पगार, एवढ्यात द्यायला ते तयार होते. मनोहररावांना ताईला दिलेला शब्द आठवला, नाही असं नाही. पण डोळे त्या चकचकीत रुपयावरून हलेनात. शेवटी मोडीच्या डब्यात ताईचा रुपया खणकन पडला, आणि घरची खाच भरली.

दोन महिने ते हवेत होते. मग एका रविवारी धरमपेठेत कृष्णकांतकडे गेले. हा माणूस त्यांच्याआधीपासून नाणी जमवणारा. मनोहररावांनी ऐटीत रुपया पुढे केला. कृष्णकांतनं टेबलाचा खण उघडला. आत मूठभर डुक्करछाप होते, सगळे कोरे.

"सगळ्यांले हाच पायजे, म्हून भाव," तो म्हणाला. "मिळत नाही म्हून नाही."

याहून खरोखर दुर्मिळ रुपये त्याच्याकडे होते, त्यांना कुणी विचारत नव्हतं. ताईचा रुपया परत घ्यायला मनोहरराव तडक इतवारीत गेले. भैय्याजींनी सांगितलं, तो डबा तेव्हाच आटणीला गेला.

पोळ्याला ते भिवापूरला गेले. एस.टी.त बसून त्यांनी मनाशी हिशेब जुळवला होता: साल तेच, राजा तोच, शिवाय हा कितीतरी चांगला. यालाच कडी बसवून घेऊ, पगार गेला तर गेला. ताईपुढे बसून त्यांनी खरं काय ते सांगितलं आणि रुपया तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पन हा आईचा नोहे."

"साल तेच आहे, ताई."

"साल मले कुठं वाचता येते गा." तिनं गळ्यातली माळ पुढे धरली. "आईनं लेकरागनिक एकेक रुपया ओवला होता. हा माहा. हा बळीरामचा. हा धोंडबाचा, दोघंही गेले. जो तू नेला, तो तुह्या नावाचा."

एवढ्या वर्षांत ही गोष्ट मनोहररावांना कुणी सांगितली नव्हती, आणि त्यांनी तरी आईबद्दल कधी काय विचारलं होतं? चार माणसांत कधी न रडलेला तो माणूस बहिणीपुढे मान खाली घालून रडला.

"मंग देल्ला काहून?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मले वाटलं, तुले आईची याद आली. म्हून तू बराबर तोच मागून राहिला."

तिनं नवा रुपया त्यांच्या खिशात टाकला. हा तुह्या पेटीतच शोभते, असं म्हणाली. मग माळ पदरानं पुसून गळ्यात नीट केली.

"आता तू घडीघडी येत जाय, बापू. माळेत नाही, तं असा तरी."