दोघांपुरता बाक

मित्रांनो, जरा हळूच टेका. माझा डावा पाय ढिला झाला आहे. मी चित्रकलेच्या वर्गाबाहेर आयुष्य काढलेला लाकडी बाक आहे आणि आता फार थकलो आहे. पण बसलाच आहात, तर माझी हकीकत ऐकून जा.

मला घडवणारा सुतार अबोल होता. रंधा मारून झाला की तो माझ्या फळीवर स्वतःचा गाल टेकवून कुसळ राहिले आहे का ते बघायचा. "पोरं बसणार यावर," एवढेच एकदा म्हणाला. पुढे खरोखरच पोरे बसली. गळके डबे, दप्तरे, पहिल्या दिवशी रडणारी पहिलीतली बाळे, निकालाच्या दिवशी घाम पुसणारे वडील, सगळ्यांचा भार मी वाहिला. कंपासच्या टोकाने कोरलेली नावेही सोसली. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब म्हणाले, "काय दणकट लाकूड आहे!" त्यावर मी आठवडाभर फुगून होतो. माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

दरवर्षी शाळेत जागतिक शांतता सप्ताह व्हायचा. मुले पांढरी कबुतरे काढायची, पृथ्वीभोवती हात काढायची. सप्ताह संपला की त्या चित्रांच्या गुंडाळ्या माझ्यावर येऊन पडायच्या. किती कबुतरे माझ्या अंगावर सुरकुतली, त्याला गणती नाही.

एका वर्षी शहरातल्या शाळांची स्पर्धा जाहीर झाली. विद्यार्थ्यांमध्ये शांततेची जाणीव जागवणारी सर्वांत चांगली मोहीम कोणती, असा विषय होता. मुख्याध्यापकांनी ते काम चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात घातले. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. नववीतल्या पाच जणांची समिती माझ्यावर आणि माझ्याभोवती बसू लागली.

समितीत दोन जिवलग मैत्रिणी होत्या. एक चित्र काढायची, दुसरी घोषणा लिहायची. फलकावर कुणाचे नाव आधी, यावरून दोघींची जुंपली. ओढाताणीत फलक टर्रकन फाटला, एकीने दुसरीला ढकलले आणि ती माझ्यावर आदळली. माझा पाय निखळला तो तेव्हा. शांतता समितीत त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

बाई रागावल्या नाहीत. माझ्या धड बाजूला टेकून म्हणाल्या, "खरं सांगू? मलाच कंटाळा आलाय गं या कबुतरांचा."

समितीत एक मुलगी होती. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणत. ती म्हणाली, "बाई, जग राहू दे बाजूला. ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे, त्यांनी मधल्या सुट्टीत या बाकावर बसायचं. पाच मिनिटं एकानं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. मग उलट. हीच आपली मोहीम."

मुख्याध्यापकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "यात दाखवण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही, सर," बाई म्हणाल्या.

माझा पाय दोरीने बांधला गेला. मागच्या भिंतीवर या नियमांचा एकच कागद लागला. पण तीन दिवस कुणी फिरकले नाही. चौथ्या दिवशी वकीलबाईने बाईंनाच गाठले. "बाई, तुम्ही खेळाच्या सरांशी बारा वर्षं बोलत नाही. अख्ख्या शाळेला माहीत आहे. मग आम्हीच का बसायचं?"

बाईंचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या येऊन बसल्या. थोड्या वेळाने, त्यांचा निरोप मिळालेले खेळाचे सर गळ्यात शिट्टी अडकवून आले आणि दुसऱ्या टोकाला बसले. दोघांची तोंडे मैदानाकडे होती.

"माझ्या मुलाला तुम्ही सगळ्या संघासमोर म्हणालात, 'तू घरी बसून आईसारखी चित्रं काढ,'" बाई म्हणाल्या. "त्यानंतर तो मैदानात उतरला नाही."

सर गोंधळले. "कधी? कुठल्या सामन्याला?"

बाईंनी सगळे सांगितले. सरांनी डोके खाजवले. "खोटं कशाला बोलू, बाई? मला आठवत नाही."

बारा वर्षे बाईंनी जे उराशी धरले होते, ते सरांच्या गावीही नव्हते. मला वाटले, आता त्या उठून जाणार. त्यांनी माझी कड घट्ट धरली होती. पण त्या उठल्या नाहीत.

"पण म्हणालो असेन," सर हळू आवाजात म्हणाले. "तोंड सुटलं की मी असाच बोलतो. किती पोरांना काय काय बोललो असेन, कुणास ठाऊक. काय करतो तो आता?"

"दवाखान्यात असतो. गुडघे दुखणाऱ्यांना व्यायाम शिकवतो."

"म्हणजे शेवटी माझ्याच धंद्यात आला की!"

बाईंना हसू फुटले आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. सर खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माझं. त्याचा नंबर द्या. त्यालाही मीच सांगतो."

"आता तुमची पाच मिनिटं."

"माझं काय असणार? मला वाटायचं, तुम्हाला मैदानाचा गोंगाट आवडत नाही, म्हणून बोलत नाही."

हे सारे दाराआडून बघणाऱ्या त्या दोन मैत्रिणी दुसऱ्या दिवशी आल्या. मग सातवीतले जुळे भाऊ आले, मग आणखी कुणी कुणी. सगळ्यांचे जुळले असे नाही. काही जण पाच मिनिटे गप्प बसून निघून गेले. स्पर्धेचे बक्षीस आकाशात पाचशे फुगे सोडणाऱ्या शाळेला मिळाले.

बाई निवृत्त झाल्या, मुले मोठी झाली, भिंतीवरचा कागद गळून पडला. मला जिन्याखाली सरकवले. आता तुम्ही टेकलात तेवढी कड सोडली, तर माझ्यावर जुन्या फलकांचे गठ्ठे आहेत आणि त्यांच्यावर धूळ.

मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. हे गठ्ठे उतरवा, पायात एक खिळा ठोका आणि मला उजेडात न्या. मग ज्याच्याशी तुमचे बिनसले असेल, त्याला घेऊन या. माझ्यावर कुणाला कुणाच्या डोळ्यांत बघावे लागत नाही. दोघे एकाच दिशेला बघत बसले तरी चालते. पहिले वाक्य फार जड जाते. पुढची तेवढी जड नसतात. मी आयुष्यभर माणसांचा भारच तोलला आहे, तेव्हा एवढे माझे ऐका.